सातव्या काचेखाली

१

बुधवार, दिनांक २१ ऑगस्ट २०२४. शके १९४६, श्रावण वद्य द्वितीया. वेळ सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे. स्थळ चंदीगड, सेक्टर पंधरा, विद्यापीठामागच्या गल्लीतील एका दुमजली घराच्या तळमजल्याचा व्हरांडा.

या व्हरांड्यातील लांब टेबलावर काचेची सात भांडी ओळीने पालथी घातलेली होती, आणि सातव्या भांड्याखाली जे असायला हवे होते ते नव्हते.

प्राध्यापक विनायक आठल्ये यांनी भांड्याला हात लावला नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला आणि पहिल्या भांड्यापासून मोजायला सुरुवात केली. पहिल्या सहांखाली काळ्या कागदाच्या चौकोनावर एकेक रानटी अळंबीची टोपी पालथी पडून होती. सातव्याखाली, मोठ्या भांड्यात, तीन टोप्या होत्या. आता तिथे नुसता काळा कागद होता, आणि कागदावर चाकाच्या आऱ्यांसारख्या बारीक रेघांचे तीन पांढरेशुभ्र ठसे.

टोपी अशी काही तास ठेवली की तिच्या पात्यांमधून बीजाणूंची भुकटी झरते आणि कागदावर ठसा उमटतो. ठशाच्या रंगावरून अळंबीचे कूळ कळते. निवृत्तीनंतर गेली सहा वर्षे पावसाळ्यात हाच विनायकरावांचा उद्योग होता. सेक्टरातल्या हिरवळीवर, गटाराकाठी, कुजक्या बुंध्यावर जे काही उगवेल ते लोकांनी आणून द्यावे आणि त्यांनी त्याचे नाव सांगावे. खाण्याजोगे कोणते आणि जिवावर उठणारे कोणते, हे आपल्या सहीनिशी लिहून द्यावे.

सातवा नमुना मात्र कोणी आणून दिलेला नव्हता. बागेच्या कोपऱ्यात कुणा हौशी अधिकाऱ्याने कधीकाळी लावलेले चीडाचे एक झाड होते. त्याच्या बुडाशी सोमवारी तो त्यांना स्वतःलाच सापडला होता. अमानिता. देठाच्या बुडाशी, मातीत लपलेली पांढरी पिशवी, हीच तिची खरी ओळख. आणि ती पिशवी देठांसकट विनायकरावांनी कापून स्पिरिटच्या बाटलीत घातली होती. राहिल्या त्या टोप्या. गोऱ्यापान, गुळगुळीत, बाजारातल्या अळंबीहून देखण्या.

एक टोपी एका माणसाला पुरे. खाताना चव वाईट लागत नाही. दहाबारा तास काही होत नाही. मग उलट्या, मग एखादा दिवस बरे वाटल्याचा देखावा, आणि त्या देखाव्यामागे यकृत गळून गेलेले.

विनायकराव खुर्चीत बसले. सात्त्विक संताप हा त्यांचा जुना विकार होता. भीतीच्या आधी तो येत असे. सात वाजून पन्नास मिनिटांनी त्यांनी गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिले :

‘माझ्या व्हरांड्यातून अळंबीचे तीन नमुने चोरीस गेले आहेत. ही चोरी आहे, गंमत नव्हे. चोराने नमुने तासाभरात परत न केल्यास पोलिसांत तक्रार दाखल होईल.’

हेच त्यांनी हिंदीतही लिहिले. आठ वाजून पाच मिनिटांनी, भीती मागाहून येऊन पोचल्यावर, आणखी एक संदेश टाकला : ‘चोरलेले नमुने प्राणघातक विषारी आहेत. कोणीही खाऊ नयेत.’

उत्तरादाखल चार अंगठे आले, दोन जोडलेले हात आले, आणि एका गृहस्थांनी सुप्रभाताचे गुलाब पाठवले.

कागद उचलताना त्यांना सातव्या चौकोनाच्या कडेला चिमूटभर पिवळी भुकटी दिसली. पिवळे बीजाणू! म्हणजे ज्याने टोप्या नेल्या त्याच्या हाताला दुसऱ्याच कुठल्या अळंबीची भुकटी लागलेली होती. विनायकरावांनी ती कागदी पाकिटात घेतली आणि नोंदवहीत क्रमांक लिहिला : बारा. सूक्ष्मदर्शकाखाली जायला आठ, नऊ, दहा आणि अकरा हे नमुने आधीच रांगेत होते. रांग मोडायची नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम होता.

२

मंगळवारी संध्याकाळी सातला त्यांनी सर्व टोप्या जागेवर असल्याचे पाहिले होते काय? स्वतःला हा प्रश्न विचारून त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले : नाही. ते विद्यापीठातून एका वादावादीनंतर तणतणत आले होते आणि थेट आत गेले होते. पत्नी रागिणी काही सांगू पाहत होती. ‘आधी माझं पूर्ण होऊ दे,’ म्हणत त्यांनी हात वर केला होता आणि तासभर बोलत राहिले होते. मग ती बॅग भरायला लागली. दिल्लीला मुलीच्या, आश्लेषाच्या, बाळंतपणासाठी ती आज सकाळच्या शताब्दीने निघणार होती. निघाली.

शेवटचे पाहिले मंगळवारी सकाळी आठला. एवढ्या चोवीस तासांत फाटकाच्या आत कोण कोण आले? त्यांनी नोंदवहीत लिहिले :

‘रागिणी. नमुन्यांना हात लावत नाही. तीस वर्षांचा करार. वगळावी.

कर्नल ढिल्लों, वरच्या मजल्यावरचे घरमालक. येता-जाता व्हरांड्यातूनच जिना. अळंबीचे, त्यांच्या भाषेत ‘खुंब’चे, शौकीन.

अपूर्व, माझा जुना विद्यार्थी, आता विद्यापीठात. मंगळवारी दुपारी माझ्या गैरहजेरीत येऊन गेला, असे कर्नल म्हणतात. कालचा वाद त्याच्याशीच.

अपेक्षा सामंत, समोरच्या घरची सून. आज सव्वासातला फाटकाशी. सासूचा डबा घेऊन गेली. आत आली नाही. वगळावी.’

दिल्लीला फोन करून रागिणीला हे सांगावे, असे त्यांच्या मनात आले नाही असे नाही. पण ‘तुमची ती विषं घराबाहेर ठेवा, एक दिवस कुणाच्या तरी पोटात जातील,’ हे वाक्य ती दर पावसाळ्यात म्हणत असे. ते खरे ठरल्याचे तिला आपण होऊन कळवण्याइतके विनायकरावांचे मन मोठे नव्हते. त्याऐवजी त्यांनी वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टर निशांतना फोन केला. निशांत पोटाच्या विकारांचे तज्ज्ञ आणि महाराष्ट्र मंडळातले स्नेही.

“उलट्या-जुलाबाचा रुग्ण आला की विचारा, अळंबी खाल्ली का. खाल्ली असेल तर मला ताबडतोब.”

“विचारतो. पण विनायकराव, बहुतेक कुणी…”

“बहुतेक म्हणजे काय? शास्त्रात तो शब्द नाही.”

“बरं बाबा,” निशांत म्हणाले, “निश्चित विचारतो.”

कर्नल ढिल्लों नाश्त्याला बसले होते. त्यांनी विनायकरावांचे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि परोठ्याचा तुकडा लोण्यात बुडवला.

“प्रोफेसर साब, मैं आपको चोर लगता हूँ?”

“सवाल का जवाब सवाल नहीं होता, कर्नल साहब. आपने पिछले हफ्ते कहा था, खुंब बढ़िया है, एक दिन पार कर दूँगा.”

“ओ जी, वो मज़ाक था!” कर्नल हसले, मग विनायकरावांचा चेहरा पाहून हसायचे थांबले. “देखो जी, सोमवार को राखी हो गई. हमारा सावन खत्म. कल दोपहर से इस घर में बकरा चल रहा है. घास-फूस आज कौन खाएगा?”

हे मात्र बिनतोड होते. उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्राचा अमावास्येला. कर्नलांचा श्रावण परवाच आटोपला होता. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येतच होता. या गल्लीत अजून श्रावण पाळणारी घरे दोनच : आठल्यांचे आणि समोरचे सामंतांचे.

हे वाक्य त्यांच्या मनात पूर्ण तयार झाले, आणि ते त्याच्यापुढे गेले नाहीत. कारण खाणारा शोधावा की चोर, हा निर्णय त्यांनी सकाळी सात पन्नासलाच करून टाकला होता.

३

अपूर्व शेजारच्या खरड गावाहून साडेदहाला आला. चाळिशीकडे झुकलेला, अजूनही विनायकरावांसमोर उभ्यानेच बोलणारा.

“टोप्या मागितल्या होत्यास तू.”

“मागितल्या होत्या, सर. एक. जनुकांच्या तपासणीसाठी. तुम्ही नाही म्हणालात, सगळ्या विभागासमोर.”

“आणि मग दुपारी इथे आलास.”

“माफी मागायला आलो होतो. तुम्ही लायब्ररीत होतात. काकूंनी पन्हं दिलं, मी गेलो.” अपूर्वचा आवाज थोडा चढला. “सर, अठरा वर्षं झाली मला तुम्हाला ओळखून. मला टोपी हवी असती तर कडेचा नखभर तुकडा पुरला असता. तीनच्या तीन नेऊन मी काय भाजी करणार? माकडं असतील बहुतेक.”

“बहुतेक!” विनायकराव उसळले. “माकड भांडं उलथवील, फोडील. उचलून परत होतं तसं पालथं घालील? हा ठसा बघ. एकही रेघ फिसकटलेली नाही. टोपी सरळ वर उचलली आहे, दोन बोटांनी. ज्याने हे काम शंभरदा पाहिलं आहे असा हात आहे हा.”

अपूर्वने वाकून पाहिले. तो बराच वेळ पाहत राहिला.

“खरं आहे,” तो म्हणाला. “चोरानं फार काळजी घेतलीय, सर. चोर इतकी काळजी कशाला घेईल?”

“कारण तो शिकलेला आहे.”

“नाहीतर तो चोर नाही.”

विनायकरावांनी त्याला फाटक दाखवले. अठरा वर्षांत अपूर्व प्रथमच नमस्कार न करता गेला.

४

सामंतांच्या घरी ते साडेबाराला गेले, ते केवळ यादी पुरी करायची म्हणून.

इंद्रायणी सामंत या कुडाळच्या. वय त्रेसष्ट, गेल्या वर्षी हृदयाची झडप बदललेली, तरी हात थांबत नसे. मुलगा शार्दूल डेराबस्सीच्या औषधांच्या कारखान्यात नोकरीला, सून अपेक्षा नागपूरची. नारळी पौर्णिमेला इंद्रायणीबाईंकडून आठल्यांकडे नारळीभाताचा डबा आला होता, आणि तोच आज सकाळी परत गेला होता.

दार अपेक्षाने उघडले. आतून ओले खोबरे भाजल्याचा खमंग वास आला, आणि धूर ओढून घेणाऱ्या पंख्याची घरघर.

“काका, वाचला तुमचा मेसेज. मिळाला का चोर?”

“मिळेल. तू सकाळी फाटकाशी आलीस तेव्हा व्हरांड्यात कुणी होतं?”

“नाही हो. तुम्हीच तर होतात. डबा आणून दिलात.”

“त्याआधी? रस्त्यावर?”

“दूधवाला. पण तो सायकलवरनं उतरतसुद्धा नाही.” ती हसली. “काका, मला अळंबीच्या वासानंच मळमळतं. माझं नाव काटा तुम्ही.”

“आधीच काटलं आहे.”

“कोण गो, अपेक्षा? भावजी काय?” आतून, पंख्याच्या आवाजावरून इंद्रायणीबाईंचा आवाज आला. “भावजी, रागिणीताईंना सांगा हां, डबा पोचला म्हणून! अगदी माझ्या मनातलं ओळखलं त्यांनी!”

“सांगतो, सांगतो,” विनायकराव म्हणाले. बायकांच्या डब्यांची देवघेव हा त्यांच्या चौकशीचा विषय नव्हता. रागिणीच्या हातून शेजाऱ्याचा डबा कधी रिकामा परत जात नाही, हे त्यांना माहीत होते. सकाळी ओट्यावरून तो उचलताना त्यात काहीतरी आहे हे हाताला जाणवलेही होते, आणि निघण्याच्या घाईतही बायकोने रीत पाळली याचे त्यांना कौतुक वाटले होते.

फोडणी चुरचुरली. तिचा वास त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत आला. जेवायची वेळ झाली होती.

५

गुरुवार निष्फळ गेला. निशांतचा फोन आला : अळंबी खाल्लेला रुग्ण संस्थेत आलेला नाही. विनायकरावांनी त्याची नोंद केली, आणि चोवीस तास उलटूनही कोणी आजारी नाही, त्या अर्थी चोराने टोप्या खाल्लेल्या नाहीत, असे अनुमान तिच्याखाली लिहून ते अधोरेखित केले. मग आठ, नऊ आणि दहा हे नमुने क्रमाने पाहिले. दुपारी समोरच्या घराला कुलूप दिसले. मंगळागौरीला गेल्या असतील कुठे, असे त्यांना वाटले; गुरुवारी मंगळागौर नसते, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा क्रमांक संपला आणि साडेदहाला बारावे पाकीट उघडले.

काचपट्टीवर पाण्याचा थेंब, थेंबात पिवळी भुकटी. विनायकरावांनी भिंगातून पाहिले. बीजाणू नव्हते. शिजून फुगलेल्या पिठुळ कणांचे पिवळेधमक पुंजके होते. त्यांनी दुसरी काचपट्टी केली. तिसरी केली. मग पाकीट नाकाशी नेले. हे त्यांनी बुधवारी केले असते तर सूक्ष्मदर्शकाची गरजच पडली नसती.

हळद.

त्यांनी लेखणी खाली ठेवली, आणि आयुष्यभर इतरांना शिकवलेल्या रीतीने प्रथमच स्वतःला प्रश्न विचारायला सुरुवात केली. टेबलाच्या पायाशी, टेबलाच्या कडेला हळद कशासाठी टाकतात? मुंग्यांसाठी. म्हणजे टोप्यांना मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या लागल्या म्हणून कोणीतरी हळद टाकली, तीन टोप्या दोन बोटांनी सरळ वर उचलल्या, ठसा फिसकटू दिला नाही, आणि ठशावर धूळ बसू नये म्हणून भांडे परत पालथे घातले. हे काम ज्याने शंभरदा पाहिले आहे असा तो हात होता, पण शिकलेला नव्हे. सोबत राहून पाहिलेला होता. अपूर्व म्हणाला होता ते अक्षरशः खरे होते. चोर नव्हताच. त्यांनी पाहिले एवढेच होते, की टोप्या नाहीत. ‘चोरी’ हे निरीक्षण नव्हते, निष्कर्ष होता. तो त्यांनी चहाआधी काढला होता आणि साऱ्या गल्लीला वाटला होता.

त्यांनी दिल्लीला फोन लावला.

“रागिणी, टोप्या तू उचलल्यास?”

“मंगळवारी? हो. केवढी रांग लागली होती मुंग्यांची! म्हटलं, तुमचा जीव जाईल. तुम्हाला सांगतच होते मी आल्या आल्या. तुम्ही हात वर केलात.”

“कशात ठेवल्यास?”

“डब्यात. झाकण लावून. ओट्यावर.”

“कुठल्या डब्यात, रागिणी?”

पलीकडे आश्लेषाच्या नवजात बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

“घासून ठेवलेला तोच होता एक,” रागिणी सावकाश म्हणाली. “इंद्रायणीवहिनींचा. नाव कोरलेला… अहो, तुम्ही काढल्यात ना त्यातून?”

६

समोरच्या घराला कुलूप होते. वरून कर्नल ढिल्लोंनी हाक मारली.

“माताजी को तो कल सुबह ले गए, प्रोफेसर साब. नर्सिंग होम. उलटियाँ लगी थीं. अब ठीक हैं, शाम तक छुट्टी है.”

“ठीक हैं” हे शब्द ऐकताच विनायकराव नर्सिंग होमचे नाव विचारून धावत सुटले.

नर्सिंग होमच्या खोलीत इंद्रायणीबाई उशीला टेकून पेज पीत होत्या. चेहरा ओढलेला होता, पण डोळे हसत होते. शार्दूल घरी न्यायच्या पिशव्या भरत होता.

“भावजी, तुम्ही कशाला धावत आलात? काही नाही झालेलं. बुधवारी संध्याकाळी खीर खाल्ली, तिचं दूध नासकं होतं म्हणतात. गुरुवारी दिवसभर जीव नकोसा झाला. आज बघा, भूक लागलीय.”

“वहिनी,” विनायकराव म्हणाले, “डब्यात काय होतं?”

“अळंबी की! तुमच्याच घरची. रागिणीताईंना म्हटलं होतं मी मागे, श्रावणात आमच्याकडे अळंबी म्हणजेच मटण. वारुळावरनं काढायचो आम्ही लहानपणी. मूळ बघितल्याशिवाय मी कुणाची घेत नाही हां. पण ही देठ काढून, साफ करून दिलेली. आणि तुमच्या घरून आल्यावर बघायचं काय?”

“तिन्ही खाल्लीत?”

“एवढीशी तर होती. सुकं केलं, खोबऱ्याचं. शार्दूल दुसऱ्या पाळीला, ही तोंड लावत नाही. मग मी एकटीच.”

अपेक्षा भिंतीला टेकली होती. तिचा रंग उडाला होता.

“मी आईंना सांगितलं होतं, काका. तुम्ही येऊन गेल्यावर, पानं घेताना. म्हटलं, प्रोफेसर काकांची विषारी अळंबी चोरीला गेलीत. तर त्या म्हणाल्या, ‘अगो, ती चोरलेली. ही दिलेली.’”

“मग? बरोबरच की,” इंद्रायणीबाई म्हणाल्या. त्या एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागल्या. “काय झालं? भावजी, चोर सापडला काय?”

डबा विनायकरावांनी स्वतः दिला होता. फाटकाशी, दोन्ही हातांनी, ‘सांभाळून ने’ म्हणत.

शार्दूलने हातातली पिशवी खाली ठेवली. तो औषधांच्या धंद्यातला माणूस; त्याला एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. तो दार उघडून डॉक्टरांकडे धावला.

“हा कुठे गेला?” इंद्रायणीबाई म्हणाल्या. “अपेक्षा, पेज निवली गो. जरा गरम करून आणतेस?”

७

रविवार, दिनांक २५ ऑगस्ट, दुपारचे चार. वैद्यकीय संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरील व्हरांड्यातील बाकडे.

शुक्रवारी दुपारी इंद्रायणीबाईंना इथे हलवले तेव्हा त्या स्ट्रेचरवरून अपेक्षाला स्वयंपाकघराची खिडकी लावायची आठवण करून देत होत्या. शनिवारी सकाळी डोळे पिवळे झाले. शनिवारी संध्याकाळी त्या शार्दूलला आपल्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागल्या. आज सकाळपासून त्या कोणालाच हाक मारत नव्हत्या. शार्दूल स्वतःच्या यकृताचा तुकडा द्यायला निघाला होता. पण यकृत बदलायला जितके तास टेबलावर राहावे लागते, तितके ते दुरुस्त केलेले हृदय टिकणार नव्हते. हे निशांतनी त्याला समजावले. मग आणखी एकदा समजावले.

शार्दूल विनायकरावांशी बोलला नव्हता. भांडलाही नव्हता. भांडला असता तर विनायकरावांना काहीतरी म्हणता आले असते. रागिणी दिल्लीहून आली होती. ती आत काचेपाशी उभी होती आणि अजून एकदाही तिने त्यांच्याकडे वळून पाहिले नव्हते.

अपेक्षा जिन्याने वर आली. तिच्या हातात एक स्टीलचा डबा होता. झाकणावर कोरलेले : इंद्रायणी सामंत, कुडाळ.

“आईंनी बुधवारीच भरून ठेवला होता,” ती म्हणाली. “खोबऱ्याच्या वड्या. शुक्रवारी इथे येताना दोनदा बजावलं मला. रागिणीकाकूंना दे, म्हणाल्या.”

तिने डबा बाकावर ठेवला नाही. त्यांच्या हातात दिला. विनायकरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला. रिकामा नव्हता. हाताला जाणवत होते.

निशांत अतिदक्षता विभागातून बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढून बाकावर टेकले.

“एक विचारायचं आहे,” विनायकराव म्हणाले. “बुधवारी सकाळी ती पिवळी भुकटी माझ्या हातात होती. मी तिला बारावा क्रमांक दिला. क्रम मोडून, त्याच दिवशी, अगदी संध्याकाळी जरी मी ते पाकीट उघडलं असतं आणि त्यांना तुमच्याकडे आणलं असतं, तर?”

“विनायकराव, कशाला आता…”

“प्रश्न साधा आहे.”

“अशा केसमध्ये सांगणं अवघड असतं. सहा तासांत आणलं तर पोट धुता येतं, औषधं चालू करता येतात. बहुतेक…”

“बहुतेक नको, निशांत.”

निशांतनी काचेपलीकडे पाहिले, मग त्या डब्याकडे, मग त्यांच्याकडे.

“वाचल्या असत्या,” ते म्हणाले.